स्लोव्हाक जाणणारा अनुवादक कोठे मिळेल? जर्मन शस्त्रक्रिया-उपकरणे आणि एका छोट्या भाषेचा पावणेतीनशे वर्षांचा प्रवास

१/ जर्मनीतील टुटलिंगेन गावात घडवलेली शस्त्रक्रियेची कात्री स्लोव्हाकियातील रुग्णालयात पोहोचायला एखाददुसरा दिवस पुरतो. तिच्यासोबतच्या कागदाचा प्रवास इतका सोपा नसतो. कात्री कशी उकलावी, कशी धुवावी, किती तापमानाला निर्जंतुक करावी, हे सांगणारा मजकूर जर्मन भाषेत लिहिलेला असतो आणि रुग्णालयात तो स्लोव्हाक भाषेत असणे कायद्याला अपेक्षित असते. म्हणून उत्पादक अशा व्यक्तीचा शोध घेतो, जिला जर्मन, स्लोव्हाक आणि शस्त्रक्रियागृह ही तिन्ही जगे परिचित आहेत. अशी व्यक्ती सहजासहजी सापडत नाही.

२/ हे चमत्कारिक वाटावे असेच आहे. जर्मनभाषक व्हिएन्ना आणि स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावा या दोन शहरांत अंतर सुमारे ६० किलोमीटरचे. दोन्ही डॅन्यूबच्या काठावर. १९१० च्या जनगणनेत ब्रातिस्लावातील सुमारे ४२ टक्के रहिवाशांची मातृभाषा जर्मन होती. ज्या शहरात जर्मन शेजाऱ्याच्या अंगणात बोलली जात होती, तेथे शंभर वर्षांनी जर्मनमधून अनुवाद करणारे शोधावे लागतात, हे कसे घडले? या धाग्यात त्याचाच मागोवा.

३/ आरंभ १७४५ पासून करता येतो. ब्रातिस्लावाला तेव्हा जर्मनमध्ये प्रेसबुर्ग, हंगेरियनमध्ये पोझोन्य आणि स्लोव्हाकमध्ये प्रेशपोरोक म्हणत. हाब्सबुर्ग सत्तेखालील हंगेरी राज्याची ती राजधानी होती. या नगरीचा वैद्य यान युस्टुस टोर्कोश याने त्या वर्षी औषधांचे एक दरपत्रक छापून प्रसिद्ध केले. औषधांची नावे त्यात चार भाषांत होती : लॅटिन, हंगेरियन, जर्मन आणि स्लोव्हाक.

४/ एका दरपत्रकाला चार भाषा का लागाव्यात? कारण वैद्यकाची उतरंडच भाषांची उतरंड होती. विद्यापीठात शिकलेला वैद्य लॅटिनमध्ये लिही. शहरातील औषधविक्रेता आणि जखमा शिवणारा, हाडे बसवणारा, रक्त काढणारा न्हावी-शल्यकर्मी हे बहुधा जर्मनभाषक नागरवर्गातले. सरदार-जमीनदार हंगेरियन. आणि खेड्यातून बाजाराला आलेला शेतकरी स्लोव्हाक. औषधाचे नाव आणि दर त्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचले नाहीत, तर फसवणूक त्याचीच होणार. उत्पादनाची माहिती वापरणाऱ्याच्या भाषेत हवी, हे आजच्या कायद्याचे तत्त्व या दरपत्रकात बीजरूपाने दिसते.

५/ तरीही स्लोव्हाकचे स्थान यादीतल्या नावापुरतेच राहिले. १६३५ मध्ये पीटर पाझमान याने त्रनावा येथे स्थापलेल्या विद्यापीठाला १७६९ मध्ये वैद्यकशाखा मिळाली, पण शिकवण्याची भाषा लॅटिन होती आणि १७७७ मध्ये विद्यापीठच बुडाला हलवण्यात आले. १७८४ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने हंगेरीत प्रशासनाची भाषा म्हणून जर्मन लादली. तो हुकूम १७९० मध्ये मागे घेतला गेला. तथापि शस्त्रवैद्यकाची खरी राजधानी व्हिएन्नाच होती. जोसेफनेच तेथे १७८४ मध्ये सार्वजनिक महारुग्णालय आणि पुढच्या वर्षी लष्करी शल्यवैद्यांसाठी अकादमी उघडली होती.

६/ अनुवाद करायचा तर ज्या भाषेत करायचा ती भाषा आधी ठरलेली हवी. स्लोव्हाकचे तेच ठरायचे होते. सुशिक्षित स्लोव्हाक लिहिताना चेक, लॅटिन किंवा दोहोंचे स्थानिक वळण वापरीत. १७८७ मध्ये आंतोन बेर्नोलाक या कॅथलिक धर्मगुरूने लिखित स्लोव्हाकचा पहिला पद्धतशीर आराखडा मांडला. त्याचा कोश त्याच्या मृत्यूनंतर, १८२५ ते १८२७ या काळात, सहा खंडांत बुडा येथे निघाला. स्लोव्हाक, चेक, लॅटिन, जर्मन आणि हंगेरियन अशा पाच भाषा त्यात शेजारी-शेजारी बसल्या.

७/ परंतु बेर्नोलाकची भाषा सर्वमान्य झाली नाही. प्रोटेस्टंट स्लोव्हाक चेकलाच धरून होते. अखेर जुलै १८४३ मध्ये ह्ल्बोके गावी ल्युदोवीत श्टूर, योझेफ मिलोस्लाव हुर्बान आणि मिखाल मिलोस्लाव होजा हे तिघे भेटले आणि मध्य स्लोव्हाकियाच्या बोलीवर नवी लिखित भाषा उभारण्याचे त्यांनी ठरवले. १८५१-५२ च्या सुधारणांनंतर ती स्थिरावली. आज ज्या भाषेत वापरसूचना छापतात, तिचे लिखित रूप असे पावणेदोनशे वर्षांचेच आहे.

८/ १८६७ या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. त्यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, पण दोन्हींचा परिणाम आपल्या विषयावर झाला. त्या वर्षी टुटलिंगेन येथे गॉटफ्रीट येटर याने शस्त्रक्रियेची हत्यारे घडवणारी कार्यशाळा काढली. पुढे 'एस्क्युलाप' या नावाने ती जगभर गाजली आणि ते गाव वैद्यकीय उपकरणांचे आगर बनले. त्याच वर्षी ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्यात सत्तावाटपाचा करार झाला. स्लोव्हाक प्रदेश बुडापेस्टच्या ताब्यात राहिला आणि हंगेरीकरणाला जोर चढला.

९/ म्हणजे जर्मन उपकरण-उद्योग भरभराटीला येत असतानाच स्लोव्हाक भाषेची संस्थात्मक वाट रोखली जात होती. १८६३ मध्ये स्थापन झालेली 'मातित्सा स्लोव्हेन्स्का' ही सांस्कृतिक संस्था १८७५ मध्ये बंद करण्यात आली. तिच्या आगेमागेच तिन्ही स्लोव्हाक माध्यमिक शाळांना टाळे लागले. शाळा नाही, संस्था नाही, तर परिभाषा घडणार कोठे? 'सुई धरण्याचा चिमटा' याला स्लोव्हाकमध्ये काय म्हणावे, हे ठरवायला जागाच उरली नाही.

१०/ या काळाचे चित्र केझमारोक या गावात दिसते. उत्तरेकडील स्पिश प्रांतात शतकानुशतके जर्मन वसाहती होत्या. तेथील डॉक्टर व्होयतेख अलेक्झांडर याने १८९५ च्या राँटगेनच्या शोधानंतर थोड्याच वर्षांत क्ष-किरणांचे यंत्र वापरायला घेतले. या प्रदेशातील क्ष-किरणशास्त्राचा तो आद्य प्रवर्तक. पुढे बुडापेस्टला तो या विषयाचा प्राध्यापक झाला. त्याला अनुवादकाची गरज नव्हती; जर्मन शास्त्रीय लेखन तो थेट वाचत असे. त्या पिढीच्या साऱ्याच डॉक्टरांचे असे होते. अनुवादक लागत नव्हते, कारण जर्मन न येणारा माणूस यंत्रापर्यंत पोहोचतच नव्हता.

११/ खालच्या थरात भाषांतर होत होते, पण तोंडी. कारखान्यात, कार्यशाळेत जर्मन शब्द स्लोव्हाक प्रत्यय लेवून रुळत गेले. जर्मन 'श्राउबं' म्हणजे स्क्रू. त्यावरून बोलीत स्क्रू-ड्रायव्हर झाला 'श्राउबोवाक'. प्रमाण भाषेत त्याला 'स्क्रुत्कोवाच' म्हणतात. हा फरक आजही अनुवादकाला सांभाळावा लागतो. अस्थिशल्यक्रियेत हाड जोडताना परिचारिका तोंडाने काहीही म्हणो, पेटीतील यादीवर 'स्क्रुत्कोवाच'च छापले पाहिजे.

१२/ १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला. १९१९ मध्ये प्रेसबुर्गचे अधिकृत नाव ब्रातिस्लावा झाले आणि त्याच वर्षी तेथे विद्यापीठ स्थापन झाले. त्याला कोमेन्स्कीचे नाव देण्यात आले. पहिली शाखा उघडली ती वैद्यकाची. पण शिकवणार कोण? स्लोव्हाकमधून वैद्यक शिकलेली पिढीच अस्तित्वात नव्हती. प्राध्यापक प्रागहून आले. पहिला कुलगुरू क्रिस्टियान हिनेक हाही चेक. त्यामुळे स्लोव्हाक वैद्यकीय परिभाषा चेकच्या सावलीत वाढली. सुई धरण्याच्या चिमट्याला चेकमध्ये 'येहेलेत्स', स्लोव्हाकमध्ये 'इहेलेत्स'. भगिनीभाषा शेजारी असण्याचा तो लाभ होता.

१३/ त्या लाभाची एक किंमतही होती. चेक मजकूर स्लोव्हाक वाचकाला कळतो, मग वेगळा स्लोव्हाक अनुवाद कशाला, अशी सवय जडली. पुढची सात दशके जर्मन उपकरणाचा कागद अनेकदा चेकमध्ये येई आणि तेवढ्यावर भागे. जर्मन-स्लोव्हाक असा थेट रस्ता वहिवाटीत राहिला नाही, की तो उजाड होऊ लागतो.

१४/ आणि मग १९४५ आले. १९३० च्या जनगणनेत स्लोव्हाकियात सुमारे दीड लाख जर्मन होते. युद्धाच्या अखेरीस, आघाडी जवळ येताच, त्यांतील मोठ्या संख्येला जर्मन अधिकाऱ्यांनी पश्चिमेकडे हलवले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना युद्धानंतर देशाबाहेर घालवण्यात आले. नाझी राजवटीच्या गुन्ह्यांची शिक्षा सरसकट एका भाषिक समूहाला मिळाली. १९५० च्या जनगणनेत स्वतःला जर्मन म्हणवणारे सुमारे पाच हजार उरले.

१५/ हा मानवी शोकांतिकेचा विषय आहे आणि त्याची चर्चा केवळ भाषेपुरती करणे अन्यायाचे ठरेल. तरी भाषेचा हिशेबही मांडावा लागतो. घरात जर्मन, गल्लीत स्लोव्हाक, शाळेत हंगेरियन अशा वातावरणात वाढलेला औषधविक्रेता, दवाखान्यातली दाई, हत्यारांना धार लावणारा कारागीर हा सारा द्विभाषिक थर काही वर्षांत नाहीसा झाला. अनुवादक विद्यापीठात घडवता येतो. दोन भाषांत जन्मलेला शेजार मात्र पुन्हा घडवता येत नाही.

१६/ १९४८ नंतर शाळांमध्ये रशियन सक्तीची झाली. स्तारा तुरा येथील 'चिराना'सारख्या सरकारी कारखान्यांतून दंतवैद्यकाची व इतर उपकरणे देशातच बनू लागली. त्यांच्या वापरसूचना आरंभापासूनच चेक किंवा स्लोव्हाकमध्ये असत. जर्मन शिकणारे होते, पण जर्मन उपकरणाचा कागद स्लोव्हाकमध्ये उतरवणे हे पोटापाण्याचे काम म्हणून फारसे उरले नव्हते.

१७/ १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. चेक भाषा एका रात्रीत परदेशी ठरली. ऐकायला आणि वाचायला ती पूर्वीइतकीच सोपी होती, पण कायद्याच्या दृष्टीने दोन भाषांची परिभाषा वेगळ्या वाटांनी जाऊ लागली. एकच उदाहरण पाहावे. जर्मन कायद्यात 'मेडित्सीनप्रोडुक्ट', म्हणजे वैद्यकीय उपकरण. चेक कायद्यात त्याला 'प्रोस्त्रेडेक' म्हणजे 'साधन' या अर्थाचा शब्द आहे. स्लोव्हाक कायद्यात 'पोमुओत्स्का', म्हणजे 'साहाय्यक वस्तू'. चेकमधला शब्द स्लोव्हाक वळणाने लिहिला तर वाचकाला तो समजेल, पण कायद्यातली संज्ञा ती नव्हे.

१८/ १९९५ च्या राज्यभाषा कायद्याने ग्राहकसंरक्षणासाठी वस्तूंवरील मजकूर आणि वापरसूचना स्लोव्हाकमध्ये देणे बंधनकारक केले. १ मे २००४ रोजी स्लोव्हाकिया युरोपीय संघात गेला. संघाच्या अधिकृत भाषा त्या दिवशी ११ वरून २० झाल्या. जर्मन उपकरणांना ही बाजारपेठ खुली झाली, पण सोबत अटही आली : सदस्य देश सांगेल त्या भाषेत माहिती द्या. जेमतेम ५४ लाख लोकसंख्येच्या देशासाठी हजारो उपकरणांचे कागद अचानक स्लोव्हाकमध्ये हवे झाले. मागणी कायद्याच्या वेगाने वाढली. अनुवादक माणसाच्या वेगानेच घडतात.

१९/ एवढी काटेकोर भाषा कशाला, असे वाटत असेल तर बर्लिनकडे पाहावे. २००६-०७ मध्ये तेथील एका रुग्णालयात ४७ रुग्णांच्या गुडघ्यांत कृत्रिम सांधे चुकीच्या पद्धतीने बसवले गेले. वेष्टनावरील इंग्रजी मजकुराचा आशय 'एकसंध, सिमेंट लावून बसवायचा' असा होता. जर्मनमध्ये तो 'सिमेंटची गरज नसलेला' असा घेतला गेला. सांधे उत्तम होते, शल्यविशारद प्रशिक्षित होते. इंग्रजी-जर्मनसारख्या भरपूर अनुवादक असलेल्या भाषाजोडीत हे घडले. मग छोट्या भाषांत किती सावध असावे लागते, हे वेगळे सांगायला नको.

२०/ जर्मन-स्लोव्हाक जोडीतले सापळे निराळे आहेत. जर्मन 'बेश्टेक' म्हणजे जेवणाच्या टेबलावरचे काटे-सुऱ्या-चमचे आणि शस्त्रक्रियेचा किंवा सलाइनचा संचही. स्लोव्हाकमध्ये पहिल्यासाठी 'प्रीबोर', दुसऱ्यासाठी 'सूप्रावा'. कोश उघडून पहिला अर्थ उचलणारा अनुवादक रुग्णाच्या शिरेत जेवणाची भांडी जोडून ठेवील. जर्मन 'फेरबांड' म्हणजे जखमेवरची पट्टी, तसेच संघटना. स्लोव्हाकमध्ये अनुक्रमे 'ओब्वेझ' आणि 'झ्वेझ'. या साऱ्या शब्दांच्या मुळाशी बांधण्याचीच क्रिया आहे. जर्मन धातू तर आपल्या 'बंध्'चाच दूरचा भाऊबंद.

२१/ व्याकरणही परीक्षा घेते. स्लोव्हाकमध्ये एक स्क्रू 'स्क्रुत्का', दोन ते चार असतील तर 'स्क्रुत्की' आणि पाचपासून पुढे 'स्क्रुतिएक'. सहा विभक्ती आणि तीन लिंगे वेगळीच. जर्मन उत्पादकाच्या संगणकात 'अमुक नग स्क्रू' असा साचा असतो आणि त्यात फक्त आकडा बदलतो. स्लोव्हाकमध्ये आकडा बदलला की शब्दही बदलतो. हे ठाऊक नसलेला उत्पादक अनुवादकाला सुटे शब्द पाठवतो आणि पेटीवर विचित्र भाषा छापून येते.

२२/ सर्वांत अवघड शब्द दिसायला साधा आहे : 'आउफबेराइटुंग'. खनिज शुद्ध करणे, पाण्यावर प्रक्रिया करणे यांसाठीही जर्मनमध्ये हाच शब्द. उपकरणांच्या संदर्भात त्यात वापरानंतर उकलणे, धुणे, निर्जंतुक द्रावणात ठेवणे, तपासणे, तेल देणे, बांधणे आणि १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक करणे हे सारे सामावते. अनुवादकाने नुसते 'स्वच्छता' लिहिले, तर निर्जंतुकीकरण विभागातील कर्मचारी त्यातली एखादी पायरी गाळू शकतो. त्याचा भोग पुढच्या रुग्णाच्या वाट्याला येतो.

२३/ मग असा अनुवादक मिळतो कोठे? ब्रातिस्लावा, नित्रा, बान्स्का बिस्त्रित्सा आणि प्रेशोव येथील विद्यापीठांत अनुवादविद्या शिकवली जाते. २००४ च्या कायद्याने शपथबद्ध अनुवादकांची व्यवस्था घालून दिली आहे. त्यांचा गोल शिक्का न्यायालयात चालतो. पण शिक्का म्हणजे शस्त्रक्रियेचे ज्ञान नव्हे. म्हणून जाणते उत्पादक मातृभाषा स्लोव्हाक असलेला अनुवादक, मजकूर तपासणारी दुसरी स्वतंत्र व्यक्ती आणि शक्य असेल तेथे ते उपकरण हाताळणारी परिचारिका किंवा डॉक्टर, अशी तिघांची साखळी बांधतात. अनुवाद दुसऱ्या व्यक्तीने मुळाशी ताडून पाहावा, ही अट २०१५ च्या आंतरराष्ट्रीय अनुवाद-मानकातही आहे.

२४/ घाईत दुसरा मार्ग वापरला जातो : जर्मनमधून इंग्रजी, इंग्रजीतून स्लोव्हाक. अनुवादक लवकर मिळतो, पण पहिल्या टप्प्यावर पुसट झालेला अर्थ दुसऱ्या टप्प्यावर परत येत नाही. तिसरा मार्ग शब्दच टाळण्याचा. वर्तुळात २ चा आकडा आणि त्यावर तिरपी रेघ, म्हणजे 'पुन्हा वापरू नये'. अशी चिन्हे मानकांत ठरलेली आहेत आणि ती उपयोगीही पडतात. तथापि हत्यार कसे उकलावे, हे एका चिन्हात सांगता येत नाही.

२५/ २६ मे २०२१ पासून युरोपीय संघाचा नवा उपकरण-नियम लागू झाला. वापरसूचना अपेक्षित वापरकर्त्याला सहज समजेल अशी हवी, हे त्यात स्पष्ट आहे. शरीरात कायमचे उपकरण बसवलेल्या बहुसंख्य रुग्णांच्या हाती त्याची माहिती असलेले कार्डही द्यावे लागते. कामाचा पसारा आणखी वाढला आहे. पण या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, आता वाचक केवळ डॉक्टर नाही. खेड्यातली आजीबाईही आहे.

२६/ १७४५ च्या दरपत्रकात यादीच्या एका स्तंभात उभा असलेला स्लोव्हाक शेतकरी येथे पुन्हा भेटतो. मधल्या काळात त्याची भाषा कधी अप्रमाण, कधी बंदिस्त, कधी शेजारणीच्या आडोशाला राहिली. आणि ती प्रौढ झाली तेव्हा जर्मन जाणणारा शेजारी गाव सोडून गेला होता. अनुवादकांचा आजचा तुटवडा हा बंद केलेल्या शाळांचा, रिकाम्या केलेल्या गावांचा आणि 'कळतेच की' म्हणून टाळलेल्या कामाचा साचलेला हिशेब आहे. परिभाषा आणि अनुवादक गरज पडल्यावर मागवता येत नाहीत. ते आधीपासून, गरज दिसत नसतानाही, घडवत राहावे लागतात.

#इतिहास #वैद्यकाचाइतिहास #भाषेचाइतिहास #मध्ययुरोप